आधी ओठ, मग आवाज

लग्नात, बारशात, कुठेही नातेवाईक भेटले की विचारतात, "तू काय करतेस म्हणे?" मी सांगते, "कार्टूनमध्ये काम करते." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे चित्रं काढतेस?" त्यावर मी "हो" म्हणून सुटका करून घेते, कारण खरं उत्तर लांब आहे आणि मला लांब बोलता येत नाही. लिहिता येईल असं या अंकाच्या संपादकांना वाटलं, म्हणून लिहिते. खरं उत्तर असं की मी तोंडं हलवते. पडद्यावरचा बेडूक बोलतो तेव्हा त्याचे ओठ कधी उघडायचे, किती उघडायचे, कधी मिटायचे, हे मी ठरवते. त्याचे डोळे, पाय, उड्या हे सगळं दुसरे लोक करतात. माझी हद्द नाकाखाली सुरू होते आणि हनुवटीवर संपते.

या कामाचा एकच मोठा नियम आहे. आवाज कानावर येण्याच्या जरासं आधी ओठ हलले पाहिजेत. टीव्हीवर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात. ओठ उघडायचे ते आवाजाच्या दोन चित्रं आधी. बरोबर आवाजावर उघडले, तर पाहणाऱ्याला उशीर झाल्यासारखा वाटतो. आरशासमोर 'बाबा' म्हणून पाहा. ओठ आधी मिटतात, 'बा' मागून येतो. माणूस काय बोलणार ते त्याचं तोंड किंचित आधी सांगून टाकतं. मला हे लहानपणापासून दिसत होतं. न बोलणाऱ्या मुलीकडे दुसऱ्यांची तोंडं पाहायला भरपूर वेळ असतो.

आमचं घर नागपुरात, सक्करदऱ्यात. आजोबा विणकर होते. आता घरात माग नाही, त्यांचा धोटा तेवढा शोकेसमध्ये माझ्या चित्रकलेच्या कपांशेजारी ठेवला आहे. बाबा घरी 'मले', 'तुले' असंच बोलतात, पण मला त्यांनी हौसेने इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी बोलायची भीती वाटायची आणि घरी बाबांसारखं बोलायची लाज. मग मी एक स्वच्छ, इस्त्री केलेली मराठी स्वतःपुरती तयार केली आणि तीही जपून वापरली. अशा मुलीला तोंडं हलवण्याची नोकरी मिळावी, यावर बाबा अजून हसतात.

आमचा स्टुडिओ म्हणजे एका इमारतीचा तिसरा मजला. खाली टायरचं दुकान. आवाज रेकॉर्ड करायचा असला की सलीमभाई, म्हणजे आमचे रेकॉर्डिंगवाले, खाली जाऊन दुकानदाराला हात जोडतात, मग थोडा वेळ हातोडा थांबतो. अशा ठिकाणी लहान मुलांसाठीची एक मालिका तयार होते. तिचं नाव 'वांधेपूर'. ती लिहितात आणि दिग्दर्शित करतात प्रवीण सर. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला होता. गोष्ट संपल्यावर गोष्टीतली माणसं जातात कुठे? त्यांचं उत्तर असं की ती एसटीने वांधेपूरला जातात.

वांधेपूरच्या बस स्टँडवर सगळ्या परीकथांमधली आणि सगळ्या सिनेमांमधली निवृत्त मंडळी राहतात. बेडकाचा राजपुत्र झालेला एकजण आहे, पण बूट चावतात म्हणून तो पुन्हा बेडूक झाला आहे. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या आता स्टँडची चौकीदार आहे, कारण तिची झोप पुरून उरली. जत्रेत हरवलेले दोन जुळे भाऊ रोज एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांना विचारतात, "तुम्ही माझ्या भावाला पाहिलंत का?" सिनेमातला एक म्हातारा खलनायक स्टँडवर बसची घोषणा करतो. त्याला गुहेत हसायची सवय असल्यामुळे "रामटेक बस लागली आहे" हेसुद्धा तो असं म्हणतो, की प्रवासी घाबरून उतरतात. आणि या सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालते ती भागाबाई, म्हणजे एका गोष्टीतली चेटकीण. तिची कढई जुनीच आहे. आधी त्यात काय शिजायचं ते कोणी विचारत नाही.

मला सरांचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी कुठल्याही गोष्टीची टर उडवताना तिच्यावर राग धरला नाही. ते म्हणायचे, "जे मनापासून आवडते त्याचीच नक्कल करावी, श्वेता. नाही तं ते नुसतं चिडवणं होते." जुळ्या भावांच्या भागावर आम्ही सगळे हसलो होतो. पण शेवटी ते दोघे एकमेकांना न ओळखताच एका घोंगडीत झोपी जातात, तेव्हा आमच्या खोलीत कोणी हसलं नव्हतं.

भागाबाईचा आवाज वच्छलाताईंचा.

ताई पारशिवनीजवळच्या एका गावातल्या. घरचं वावर आहे, नवरा आणि मुलगा ते पाहतात. तरुणपणापासून पुष्कळ वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली. तिकडे मंडपात रात्रभर नाटक चालतं आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द गेला पाहिजे असा लोकांचा हक्क असतो. ताईंचा गळा त्या शेवटच्या रांगेसाठी घडलेला. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दिवशी त्यांनी काचेच्या खोलीत उभं राहून एक वाक्य टाकलं आणि सलीमभाईंच्या मशीनवरचे सगळे दिवे लाल झाले.

"ताई, माइक सामने है, गाँव में नहीं," सलीमभाई कान चोळत म्हणाले.

"मंग गावातले कसे आयकतीन गा?"

बाहेर आल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली. मी कोपऱ्यात बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. "हे पोट्टी कोन हाये? टकमका पाहून राहिली. मुकी हाये काय?" सर म्हणाले, "ही श्वेता. भागाबाईचं तोंड हीच करणार आहे." ताईंनी मला वरून खाली पाहिलं. "बोलणारीचं तोंड मुकीकडं देल्लं? बरं हाये बा तुमचं!" त्या दिवसापासून मी 'मुके' झाले. "मुके, चहा पेली काय वं?" "मुके, आज हासली नाईस, पोटात दुखते काय?" दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मला लागलं असतं. ताई म्हणायच्या तेव्हा मला वाटायचं, कोणीतरी आपल्याला हजेरीत धरलं.

माझी पहिली मोठी फजिती याच काळातली. आमच्या सॉफ्टवेअरसोबत तोंडांचा एक तयार संच येतो. मिटलेलं तोंड, गोल तोंड, खालच्या ओठावर दात टेकलेलं तोंड, अशी डझनभर. आवाज घातला की ते आपोआप तोंडं लावून देतं, पण तो संच परदेशी. त्यात आपल्या 'ळ'साठी तोंडच नव्हतं. मी ठरवलं, भागाबाईला 'ळ' द्यायचाच. आरशासमोर 'काळा कावळा' म्हणत बसले, जीभ मागे वळलेली, खालून दिसणारी, अशी चार चित्रं जीव तोडून काढली. मग ताईंचं पहिलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात 'काया', 'डोया', 'केयं'. ताई 'ळ' म्हणतच नव्हत्या. घरी बाबाही म्हणत नाहीत. जन्मभर ऐकलेली गोष्ट मी आरशात बघून विसरले होते. ती चार चित्रं अजून माझ्याकडे आहेत, कुणाच्याच तोंडात बसलेली नाहीत.

त्यानंतर मी सरांकडे एक मागणी केली. ताई बोलत असताना त्यांच्या तोंडाचं चित्रीकरण करायचं. काचेच्या खोलीत एक छोटा कॅमेरा बसला आणि मी परदेशी संच बाजूला ठेवून भागाबाईचं तोंड ताईंच्या तोंडावरून नव्याने काढायला घेतलं. रोज तेच पाहत होते. टोमणा यायच्या आधी त्यांच्या ओठाचा डावा कोपरा वर जातो. राग खरा असला तर ओठ आत दुमडतात, खोटा असला तर पुढे येतात. हसण्याआधी त्या श्वास घेत नाहीत, हसून झाल्यावर घेतात. हे सगळं भागाबाईच्या चेहऱ्यात उतरलं. पाहणाऱ्या मुलांना यातलं काही दिसत नाही, दिसूही नये. त्यांना फक्त वाटतं की ही बाई खरी आहे.

मुलांना ती फार आवडली. चॅनेलच्या मुंबईच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या, "भाषा जरा न्यूट्रल करूया." ताई मागे बसून ऐकत होत्या. "न्यूट्रलमंदी गाडी राहते मॅडम, बाई राहत नाही." मॅडम हसल्या आणि भागाबाईपुरती सूट मिळाली. पुढे एका आईने नागपुरातूनच फोन करून तक्रार केली, "तुमचं कार्टून पाहून आमची मुलगी 'का'च्या जागी 'काहून' म्हणून राहिली!" सरांनी गंभीरपणे क्षमा मागितली आणि फोन ठेवून बराच वेळ टेबलावर डोकं टेकवून हसले.

दर भागात भागाबाईचं एक वाक्य ठरलेलं असे. कोणी राजपुत्र, हिरो वगैरे रांग मोडून पुढे आला की ती झारा उगारून म्हणे, "राजा असशीन तं तुह्या घरी! हितं रांगेत!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला बदल आधी मला कळला.

माझ्या कामात आवाज ऐकू येतो तसा दिसतोही. पडद्यावर त्याची डोंगररांग उमटते. ताईंची रांग मला पाठ होती. तिची टोकं उंच, कडा स्वच्छ. ती हळूहळू वाक्याच्या शेवटी विरायला लागली. जे वाक्य त्या एका श्वासात टाकायच्या ते मध्येच तुटू लागलं आणि त्या श्वासासाठी मला भागाबाईचं तोंड अर्धं उघडं ठेवावं लागायला लागलं. आधी मला वाटलं सर्दी असेल. मग मी सलीमभाईंना विचारलं.

"मैंने भी सुना," ते म्हणाले. "पर ताई को बोलेगा कौन?"

बोलणं मला जमणार नव्हतं. मी ताईंना माझ्या टेबलापाशी बोलावलं, हेडफोन दिला आणि तेच वाक्य दोनदा ऐकवलं. एकदा पहिल्या भागातलं आणि एकदा मागच्या आठवड्यातलं.

ताईंनी पुन्हा ऐकवायला खूण केली. मग हेडफोन काढला. "हे दुसरी बाई कोन हाये?"

"तुम्हीच आहात, ताई."

त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, "कोनालेच आयकू नाही आलं वं, मुके? का कोनी बोललं नाही?" मी मान खाली घातली. "जाऊ दे. तू तं आयकवलं."

धंतोलीच्या दवाखान्यात त्यांनी मला बरोबर नेलं. "तू चाल. दुसरं कोनी आलं तं बडबड करते. तू डॉक्टरले बोलू देशीन." डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून गळा पडद्यावर दाखवला. मी पहिल्यांदाच पाहत होते. आत दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, मिटणाऱ्या, उघडणाऱ्या. आणखी एक तोंडच. फक्त ते नीट मिटत नव्हतं, कारण एका पट्टीच्या कडेला गाठ होती. डॉक्टर म्हणाले, गाठ घातक दिसत नाही, पण काढावी लागेल. त्यानंतर काही दिवस पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानेही ताण येतो. नंतर हळूहळू सराव. "आवाज परत येईल," ते म्हणाले, "पण जसाच्या तसा येईल असं आत्ता सांगता येत नाही."

बाहेर रस्त्यावर पेशंटांच्या गाड्या, औषधाच्या पिशव्या, चुलीवर चढलेला चहा. ताईंनी चहाचा पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत.

"वावरात मले कोनी विचारत नाई," त्या म्हणाल्या. "बसमंदी मी एक बुढी. पन तोंड उघडलं की लेकरं वळून पाह्यते, म्हणते, आई, हे तं भागाबाई! हा गळा गेला तं मंग मी नुसती बुढीच राह्यली ना वं?"

मी त्यांच्या हातातला गार झालेला पेला घेतला आणि गरम चहा मागवून दिला.

ऑपरेशनच्या आधी जेवढे भाग लिहून झाले होते तेवढे त्यांनी रेकॉर्ड करून दिले. पण आमच्या कामात आवाज आधी लागतो. तो मिळाल्याशिवाय चित्र हलत नाही, आणि मालिकेचे त्यापुढचे भाग तोंडावर आले होते. मॅडमनी कॉलवर सांगितलं, वाईट वाटतं, पण पर्यायी आवाज शोधून ठेवा. सर नाही म्हणू शकले नाहीत. स्टुडिओत तीस माणसांची घरं त्या मालिकेवर चालतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ज्या दिवशी नव्या आवाजाच्या चाचण्या ठेवल्या, त्या दिवशी ताई न सांगता आल्या. ऑपरेशन नुकतंच झालेलं, गळ्याभोवती ओढणी, हातात पाण्याची बाटली. सर गडबडले. "ताई, तुम्ही आराम..."

ताईंनी ओठ हलवले. आवाज नाही, श्वासही नाही, नुसते ओठ. डॉक्टरांनी तेवढी मोकळीक दिली होती. सर, सलीमभाई, सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी कागद-पेन पुढे केलं. ताईंनी ते दूर सारलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या, बिनआवाजी.

मला सरळ ऐकू आलं. ऐकू आलं असंच म्हणते. ते ओठ मी हजारो चित्रांत काढले होते.

"सर," मी म्हणाले, "ताई विचारताहेत की, त्यांचं निधन झालं आहे का."

ताईंनी माझ्या दंडावर फटका मारला. डावा कोपरा वर गेला. त्या परत बोलल्या, सावकाश, माझ्याकडे रोखून पाहत. मला कळलं त्यांना काय हवंय. असं घासून पुसून नको, जसं आहे तसं. आयुष्यात मी तसं कधी मोठ्याने बोलले नव्हते. मी सरांकडे न पाहता, भिंतीकडे पाहून म्हणाले:

"काहून गा प्रवीण, मी मेली काय? माह्या जागेवर पोरी पाहून राहिला अन् मले चहाले बी नाई बोलावलं?"

मग सलीमभाई इतक्या जोरात हसले की खालच्या टायरवाल्याने वर पाहिलं असेल. सरही हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ताई खुर्ची ओढून बसल्या, माझा हात धरून मला शेजारी बसवलं. पुढचे सगळे दिवस मी त्यांचा आवाज होते. त्या ओठ हलवायच्या, मी बोलायची. "बाबू, पंखा कमी कर." "सलीम, तुह्या चहात साखर हाये का पाप केलं तू?" घरी एकदा बाबांशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "मले पानी द्या ना." बाबा ग्लास भरता भरता थांबले. दिवसभर खूश होते.

चाचण्यांना आलेल्यांपैकी एक मुलगी खरोखर चांगली होती. नाटकात काम करणारी, हुशार, तयारीची. तिने "राजा असशीन तं" म्हटलं तेव्हा मला दचकायला झालं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मी त्यांचा शब्द बदलला नाही: "चांगली हाये पोट्टी. जीव लावून करते." असं म्हणणाऱ्या बाईबद्दल मला काय वाटलं, ते मला लिहिता येत नाही.

मॅडमनाही ती आवडली. सरांनी मला सांगितलं, जुन्या एका प्रसंगावर तिचा आवाज बसवून दाखव. मी बसवला. नीट काम केलं, हातचं राखून नाही. ओठ जिथे उघडायला हवेत तिथे उघडले. तरी काहीतरी जुळेना. त्या मुलीचा टोमणा आला की भागाबाईचा डावा कोपरा आधी वर जायचा, आणि आवाजात तो कोपरा नसायचा. ती हसायच्या आधी श्वास घ्यायची, आणि भागाबाईचा चेहरा श्वास घ्यायला थांबत नव्हता. दोन चांगल्या बायका एकाच चेहऱ्यात अवघडून उभ्या होत्या.

सरांनी विचारलं, "बसवता येईल?"

आजवर अशा प्रश्नावर मी "हो सर" एवढंच म्हटलं होतं. त्या दिवशी म्हणाले, "येईल. पण मग ही भागाबाई राहणार नाही. त्या मुलीचं तोंड बघून मला सगळं पहिल्यापासून काढावं लागेल. ती वेगळी बाई होईल, आणि तिचा तो हक्कच आहे. तिला दुसऱ्या बाईच्या तोंडात कोंबू नका, सर."

इतकं बोलून मला घाम आला. सरांनी मॅडमना तेच कळवलं: चेहरा नव्याने करावा लागेल, वेळ लागेल. मॅडम म्हणाल्या, तोवर एक भाग तरी द्या. आवाजाशिवाय भाग कसा द्यायचा, हे कोणालाच सुचेना.

सुचलं ताईंना. त्या आणि मी आणि मध्ये सर, असे बसलो होतो. त्यांचे ओठ भराभर हलत होते, मी मागून धापा टाकत बोलत होते. "सिनेमातल्या कोर्टात काय राहते? हिरो बोलतच राहते. वकील बोलतच राहते. टेबल ठोकते. मंग भागाबाईवर केस करा ना गा! अन् ते बोलनारच नाही. एक शब्द बी नाही. सगळे बोलून बोलून थकतीन, हे नुसती पाहीन."

सरांनी तो भाग दोन दिवसांत लिहिला. वांधेपूरच्या स्टँडवर कोर्ट भरतं. आरोप असा की कढई चेटकिणीची आहे. खलनायक सरकारी वकील, त्याच्या प्रत्येक आरोपाला गुहेतला प्रतिध्वनी. बेडूक साक्षीदार, पिंजऱ्यात उभा करायला गेले तर उडी मारून बाहेर. जुळे भाऊ शपथ घेताना एकमेकांना विचारतात. आणि भागाबाई गप्प. मी त्या सगळ्या भागात बिनआवाजाचं तोंड हलवलं. ओठ दुमडणं, पुढे येणं, डावा कोपरा. आजवर केलेलं माझं सगळ्यात आवडतं काम तेच. तिच्या गप्प तोंडापुढे वकील स्वतःच रडायला लागतो आणि कबूल करतो की त्याला लहानपणी कोणी पोहे दिले नाहीत. न्यायाधीश विचारतात, "आरोपीला काही सांगायचं आहे?" तेव्हा भागाबाई पूर्ण भागातला एकच शब्द बोलते: "पोहे?"

तो शब्द आमच्याकडे नव्हता. ताईंचं मौन संपायचं होतं. म्हणून आमच्या सगळ्या कामाच्या उलट, मी आवाजाविना ते तोंड आधी काढलं. ओठ मिटलेले, मग गोल, मग पसरलेले. जो आवाज कसा येईल हे कोणालाही ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी जागा सोडून ठेवली.

डॉक्टरांनी परवानगी दिली, सराव झाला, आणि ताई काचेच्या खोलीत उभ्या राहिल्या. घरी त्या थोडं थोडं बोलत होत्या, पण आम्हाला त्यांनी ऐकवलं नव्हतं. आमच्यासमोर त्या अजून ओठच हलवत होत्या. मॅडम कॉलवर होत्या. सलीमभाई खाली जाऊन हात जोडून आले होते. हातोडा थांबला. सरांनी चित्र सुरू केलं.

न्यायाधीशांचा प्रश्न झाला. पडद्यावर भागाबाईचे ओठ मिटले. काचेपलीकडे ताईंचे ओठ मिटले. माझेही मिटले असतील.

"पोहे?"

आधीचा आवाज नव्हता. खालच्या पट्टीत होता, कडेला किंचित खरखरीत, धान पाखडल्यासारखा. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नव्हता तो. समोर बसलेल्या एकाच भुकेल्या माणसाला विचारल्यासारखा होता. आणि तो मी काढलेल्या तोंडात बसला. एक चित्र मागे नाही, एक पुढे नाही.

मग कॉलवरून मॅडम म्हणाल्या, "हा वेगळा आहे." सर मान वर करेनात. मॅडम म्हणाल्या, "प्रवीण, पुढच्या भागांत भागाबाई थोडं कमी ओरडेल. चालेल ना?"

"चालेल," सर म्हणाले, आणि त्यांचाच आवाज बसला होता.

काचेपलीकडून ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलायला मोकळ्या होत्या, माइक चालू होता, तरी सवयीने त्यांनी नुसते ओठ हलवले: बरा होता काय वं, मुके?

खोलीत सगळे एकमेकांशी बोलत होते. मीही आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले: तुमचाच हाये, ताई.

त्यांनी ते वाचलं. आधी डावा कोपरा वर गेला. मग, दोन चित्रांनी, हसण्याचा आवाज आला.